फाटकाच्या खोलीचं घर केलं

अण्णा, तुमची ती रेल्वे फाटकाची खोली आता आपलं घर आहे. तुम्ही गेल्यावर रुंद रूळ आले, फाटक पुढं सरकलं, आणि वसमतच्या अलीकडची ही खोली लिलावात निघाली तेव्हा मी हट्टानं घेतली. गवंडी म्हणाला, पाडून नवं बांधा. मी कुणाचं ऐकतोय? दगडी भिंती तशाच ठेवल्या, मागं दोन खोल्या काढल्या, तुम्ही ज्या खिडकीतून रूळ बघायचात तिला नुसती नवी तावदानं बसवली. हे बघून मायचे डोळे भरून येतील, असं मी धरूनच चाललो होतो.

वास्तुशांतीला ती मामाबरोबर आली. पंगत बसली, तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला. माय हातातला घास टाकून उठली आणि दाराकडं धावली, पूर्वी फाटक लावायला धावायची तशीच. बायका हसल्या, मीही हसलो. ती उंबऱ्यातच थांबली, माझ्याकडं वळली. "तुह्या बापानं इथं नौकरी केली. मी कैद काढली. मला काहून परत आणलंस रे?" न जेवताच ती मामाबरोबर वसमतला निघून गेली.

तेव्हापासून मामाच्या लग्नाचा दिवस डोक्यातून जात नाही. तुम्हाला बदली माणूस मिळाला नव्हता. माय म्हणाली, मी एकटी जाते, तर तुम्ही खेकसलात, "मंग लेकरं कोण पाहील, तुहा भाऊ?" वऱ्हाड आपल्याच फाटकावरून, तेव्हाच्या छोट्या गाडीनं गेलं. तुम्ही हिरवा झेंडा धरून ताठ उभे आहात. मागं माय, हात पिठाचे, खिडक्याखिडक्यांत मुंडावळ्या शोधतेय. गाडी दिसेनाशी झाली तरी तिचा हात वरच. ही गोष्ट मी आजवर तुमच्या निष्ठेची म्हणून चारचौघांत सांगत आलो.

दर रविवारी मामाकडं जातो, "चल ना माय" म्हणून विनवतो. ती म्हणते, "घर लई चांगलं केलंस, बाबा. तू सुखानं ऱ्हाय." बायको परवा चिडून म्हणाली, "त्यांना एवढी तकलीफ व्हते, तर विकून टाका." विकायचं नाव माझ्यानं काढवत नाही. तुमचा राग येतो, अण्णा, पहिल्यांदाच येतोय, आणि तरी तुमच्या भिंतींवरून हात फिरवत बसतो. काय करू, तुम्हीच सांगा.

बघा, हे पत्र कुठं टाकायचं नाही हे ठाऊक असून विचारायला बसलो ते तुम्हालाच. तुला कुठं राहायचंय, असं मायला मी अजून विचारलेलं नाही.