मागची खोली कुणाला?

४ मार्च, बुध.
शाळेचं पत्र आलं. एक्स्चेंजची जर्मन मुलगी रविवारी येणार, सहा रात्री राहणार. नाव लेना, वय पंधरा, म्हणजे इराएवढीच. इराने पत्र वाचून आधी मलाच अटी घातल्या. घरात फोडणीचा वास नको. फोनवर इंडियाला ओरडून बोलायचं नाही. आणि 'नॉर्मल ब्रिटिश फॅमिली'सारखं वागायचं. म्हटलं, बाई गं, तुझा जन्म साउथहॅम्प्टनचा, माझा चिंचवडचा. मी नॉर्मल कुठून आणू?

मागची खोली रिकामी करायला घेतली. महेशचं व्यायामाचं यंत्र गॅरेजमध्ये गेलं. नवरोबा कुरकुरले. चार वर्षांत दोनदा वापरलंय.

संध्याकाळी केतकीचा मेसेज. नाशिकची, आमच्या हॉस्पिटलात फिजिओ म्हणून सोमवारपासून लागतेय. घरमालक ऐनवेळी फिरला. नवरा-बायको, चार वर्षांची मुलगी, सध्या कुणाच्या तरी हॉलमध्ये जमिनीवर झोपतायत. 'काकू, दोन-तीन आठवडे एक खोली मिळेल का?' काकू म्हणे! नोकरीआधीच्या तपासणीला आली तेव्हा एक्स-रेच्या रांगेत दोनदा भेटलो काय, लगेच काकू. लिहिलं, पाहुणी येतेय गं, सॉरी. खोटं नाही बोलले.

७ मार्च, शनि.
नवे पडदे, नवी चादर. जर्मन लोक काय खातात? महेश म्हणाला सॉसेज. तीन प्रकारचे आणले. चीज, काळा ब्रेड. घड्याळही लावलं त्या खोलीत, ती माणसं वेळेची पक्की.

पोळ्या लाटताना महेशला केतकीचं सांगितलं. तो म्हणाला, बिचारी. मी म्हटलं, बिचारी कसली? या नवीन लोकांना सगळं आयतं हवं. आम्ही आलो तेव्हा गपचूप आलो, कुणाला त्रास दिला नाही. आता बघावं तर बसमध्ये स्पीकरवर व्हिडिओ कॉल. एकाला घरात घेतलं की मागून दहा येतात. महेश काहीतरी म्हणणार होता, पण त्याच्या तोंडात पोळी होती.

इरा वही घेऊन किचनमध्येच बसली होती. हल्ली अभ्यास करते. बरं वाटतं.

८ मार्च, रवि.
आली! बस वेळेवर, ही उशिरा. बसमध्ये झोपून राहिली, ड्रायव्हरने उठवलं. घड्याळाचे पैसे पाण्यात.

दारात बूट काढले आणि बॅगेतून स्वतःच्या घरात घालायच्या सपाता काढल्या. मी बघतच राहिले. इराला म्हटलं, बघ, याला संस्कार म्हणतात. इराने डोळे फिरवले.

आणि लेना व्हेजिटेरियन निघाली! सॉसेज महेशच्या पदरात. तो म्हणतो, जर्मन मैत्री चिरायू होवो. मग काय, सगळ्या अटी गेल्या उडत. पुरणपोळी केली, वर कटाची आमटी. फोडणीचा वास हॉलपर्यंत. एक वाढली, संपवली. दुसरी घेतेस? 'नो थँक्यू.' वाढली. तीही संपवली. तिसरी वाढली. किती गोड मुलगी. चार खाल्ल्या, वर तुपाची वाटी पुसून घेतली. म्हटलं, आपल्याकडची मुलं खात नाहीत अशी.

१० मार्च, मंगळ.
लेना आज शाळेत गेली नाही. पोट.

इराने मला फैलावर घेतलं. 'आई, ती नो म्हणत होती! नो म्हणजे नो!' मी म्हटलं, अगं पहिल्या 'नको'ला कोण विचारतं? तीनदा म्हणावं लागतं. शेवटी लेनाने स्वतःच उलगडा केला. तिच्या घरी ताटात पडेल ते संपवायचं, टाकलं तर आई रागावते. आणि आमच्या घरी ताट रिकामं दिसलं की वाढायचं. म्हणजे रविवारपासून ती संपवतेय म्हणून मी वाढतेय, आणि मी वाढतेय म्हणून ती संपवतेय. देवा रे. महेश हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. मला मात्र फार वाईट वाटलं. पोरगी परक्या घरात मुकाट्याने चार-चार पोळ्या रेटत होती.

ताक दिलं. अर्धा पेला ठेवून म्हणाली, 'आय ॲम लर्निंग.'

केतकीचा मेसेज. नोकरी सुरू झाली, मुलगी हॉलमध्ये झोपत नाही, रडते. 'पाहुणी कधी जाणार, काकू?' उत्तर दिलं नाही. दिवसभर तोच मेसेज डोक्यात. तरी दिलं नाही.

१२ मार्च, गुरु.
डबा भरताना लेनाचा शाळेचा कागद दिसला. सगळ्या मुलांना दिलाय: यजमान देशातली माणसं कशी असतात, येण्याआधी काय वाटत होतं आणि आता काय वाटतं. वाचू नये. वाचला.

आधी: ब्रिटिश लोक चहा पितात. सारखं सॉरी म्हणतात. पाहुण्यांना फार जवळ येऊ देत नाहीत.
आता: ब्रिटिश लोक चहा दूध घालून उकळतात, बराच वेळ. सॉरी म्हणत नाहीत, 'खा' म्हणतात. झोपायच्या आधी दारावर टकटक करून दूध आणतात.

माझं सगळं अख्ख्या ब्रिटनच्या नावावर जमा केलंय पोरीने. हसू आलं, आणि खरं सांगायचं तर छाती फुगली. एकवीस वर्षं टॅक्स भरला, पासपोर्ट काढला, पण मला सरळ 'ब्रिटिश' म्हणणारी ही पहिलीच. तीही जर्मन.

उद्या शाळेत डिबेट, पालकांना बोलावलंय. विषय: देशात आता पुरे झाले बाहेरचे लोक. चिठ्ठ्या टाकून बाजू वाटल्यात. इराला 'पुरे झाले' आलं. लेना विरुद्ध बाजूला. इराला विचारलं, काय बोलणार? म्हणे, सरप्राइज.

ब्रेकमध्ये केतकी कॉरिडॉरमध्ये समोरून येताना दिसली. मी औषधांच्या कपाटामागे वळले. या वयात.

१३ मार्च, शुक्र.
लिहावं की नको.

हॉल भरलेला. आम्ही दुसऱ्या रांगेत. इरा उभी राहिली, ताठ, केस बांधलेले, काय सुंदर इंग्लिश. मी महेशचा हात धरला. म्हणाली, नवीन येणाऱ्यांना सगळं आयतं हवं असतं. पूर्वीचे लोक गपचूप आले, त्यांनी कुणाला त्रास दिला नाही. आताचे बसमध्ये स्पीकरवर बोलतात.

मला वाटलं, अगदी बरोबर बोलतेय.

मग म्हणाली, 'एकाला घरात घेतलं की मागून दहा येतात.' तेव्हा कुठे ट्यूब पेटली. महेशने हात सोडवून घेतला आणि तोंडावर रुमाल धरला.

एकेक वाक्य माझं. पोळ्या लाटतानाचं, गाडीतलं, फोनवर बहिणीला सांगितलेलं. मागे एक आजोबा, कोटावर बाहेरच्यांना हाकला म्हणणाऱ्या पक्षाचा बिल्ला, मान डोलावत 'हिअर, हिअर' म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदा असल्या आजोबांचं आणि माझं एकमत झालं, आणि मला खुर्चीखाली जावंसं वाटलं.

मग लेना. कागद न घेता आली. म्हणाली, मी सहा दिवस एका ब्रिटिश घरात राहिले. त्यांनी माझ्यासाठी खोली रिकामी केली. मी नो म्हटलं तरी त्यांनी वाढलं. पुन्हा नो म्हटलं तरी वाढलं. मी आजारी पडले. (हशा.) ज्या देशात नको म्हटलं तरी जागा आणि जेवण देतात, तिथे जागा संपली, हे मला खरं वाटत नाही.

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी हसले. दुसरं काय करणार? फोन पर्समध्ये, त्यात केतकीचे तीन मेसेज.

मतदान झालं. इरा जिंकली. म्हणजे मीच जिंकले.

बाई इराला म्हणाल्या, रिसर्च फार छान केलास. ही म्हणते, 'थँक्यू मिस. प्रायमरी सोर्स.' आणि माझ्याकडे बघितलं.

गाडीत बसलो. मी म्हटलं, माझी वाक्यं चारचौघांत वापरायची काय गरज होती? इरा म्हणाली, 'माझी काय चूक? मला ती साइड दिली होती. आणि आई, तू म्हणतेस तेव्हा तर तुला कोणी साइड देत नाही.'

महेश रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, 'हाउन्सलोचं सांगितलंयस का हिला?'

नाही सांगितलं. कधीच नाही. लंडनमधल्या हाउन्सलोच्या नेने मावशी. पहिल्यांदा या देशात आलो तेव्हा विमानतळावरून थेट त्यांच्या दारात, तीन बॅगा आणि प्रेशर कुकर. तीन आठवड्यांसाठी गेलो, पाच महिने राहिलो. मावशी भांडी घासताना म्हणायच्या, तुम्हा नवीन लोकांना ना सगळं आयतं हवं असतं. आम्ही आलो तेव्हा असं नव्हतं. मी मोरीपाशी उभी राहून रडले होते. आणि शब्द न् शब्द उचलून घरी घेऊन आले की मी.

इराला सांगितलं सगळं. ती नुसतं 'फाइव्ह मंथ्स?' म्हणाली.

१४ मार्च, शनि.
लेना गेली. बसला उशीर होता होता पोचलो. डब्यात पुरणपोळ्या देत होते, 'नो' म्हणाली. थांबले. पुन्हा विचारलं, 'नो.' तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा हसून चार घेतल्या. शिकली. डोळे भरून आले, उगाच.

घरी आले तर इराने मागच्या खोलीची चादर काढून वॉशिंग मशीनला लावलेली. न सांगता!

केतकीला फोन केला. उचलल्या उचलल्या म्हणाली, 'काकू, तुम्ही बिझी असाल...' म्हटलं, उद्या संध्याकाळी सहाला या. ती रडायलाच लागली. म्हटलं, कुकर आणू नका, आहे माझ्याकडे.

१५ मार्च, रवि.
खोली तयार. महेश म्हणतो तीन आठवडे. बघू.

इराला एक विचारायचं राहिलंय. ते जे बोललीस ते तुला खरंच वाटतं, की चिठ्ठीत आलं म्हणून? सकाळपासून दोनदा तोंडाशी आलं. पण विचारलं तर ती उलट मलाच विचारेल.

वरण-भात टाकलाय. छोटीसाठी तिखट न घालता बटाट्याची भाजी. पाच चाळीस झालेत. दारात टॅक्सी थांबली वाटतं. खिडकीतून बघितलं. चार बॅगा म्हणाली होती, या तर सात! आणि सहाला सांगितलं होतं. हे नवीन लोक म्हणजे ना