समुद्राकाठच्या घराला होकार देऊ नकोस

दादा,

बाबांना दवाखान्यात नेतेय. सकाळी त्यांना इतकी धाप लागली की बोलताच येईना. आता जरा बरे आहेत, घाबरू नकोस.

डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले, इथला गारठा तर सोडाच, पण समुद्राकाठची दमट हवाही त्यांना झेपायची नाही. उबदार, पण कोरडं गाव शोधा. तुझी नवी नोकरी समुद्राकाठी आहे, कळतंय मला. तरी आज त्या घरमालकाला होकार कळवू नकोस.

मोजे चढवताना बाबांना विचारलं, "कुठे राहायला जाऊया?"

"दादा म्हणेल तिथे. आणि डॉक्टरांचं त्याला सांगू नकोस."

मी सांगत नाहीये, लिहून ठेवतेय. टॅक्सी आली. लवकर ये.

छोटी