गाडीला घातलेला बुरणूस

नारीनच्या वरचं कुरण,
जुलै, तारीख बहुधा अकरा

तीर्थरूप मामांस,

दोन्ही हात छातीवर ठेवून भाचा सुयुनचा सलाम. तुमची गुरंढोरं कशी आहेत? पोरंबाळं? मामींची कंबर? (बिश्केकमध्ये तुमच्याकडे गुरं नाहीत हे मला माहीत आहे, पण गुरं सोडून माणसांपासून सुरुवात केली तर त्याला आपल्यात पत्र म्हणत नाहीत. म्हणून तुमच्या अंगणात विकायला उभ्या असलेल्या जुन्या जीप हीच तुमची गुरं समजून विचारतो. सगळ्या धडधाकट असोत आणि लवकर खपोत.) इकडे घोड्या भरपूर दूध देताहेत, बायको मीरगुल खुशाल आहे, आणि आईचं काय ते सांगायलाच हे पत्र.

आधी आभार मानतो, कारण ते तीन वर्षं राहून गेलेत. भाच्याने मागितलं तर मामाने नाही म्हणायचं नाही, हा आपला रिवाज. तो मी तुमच्या घरच्या भरल्या जेवणात, चाळीस पाहुण्यांसमोर वापरला आणि नेमकी तुम्ही स्वतःसाठी ठेवलेली हिरवी जीप मागितली. तुम्ही हसत किल्ली दिलीत. (ते हसू मी विसरलेलो नाही. दाढ उपटल्यावर माणूस तसा हसतो.) तेव्हापासून तुम्ही वर आला नाहीत. फोनवर कामं आहेत म्हणता. असतीलच.

किल्लीबरोबर तुम्ही चार पानं लिहून दिली होतीत. ही माइल्ड हायब्रिड आहे, इंजिनाला पट्ट्याने एक छोटी मोटर जोडलेली आहे, ती गाडी चालू करते आणि चढावर हात देते, वगैरे. दुसरं पान मी मन लावून वाचलं. बाकी तिन्हींत मीरगुलने पाहुण्यांना कुरूत बांधून दिलं, त्यामुळे आपल्या गाडीचं ज्ञान आता तीन वेगवेगळ्या गावांत सुकलेल्या दह्याच्या गोळ्यांसोबत सुखाने नांदतंय. शेजारचा शारशेन, ज्याची जीप त्याच्या बापाहून जुनी आहे, तो पहिल्या दिवसापासून म्हणायचा, "विजेच्या इस्त्रीवर बसून डोंगर चढतोस होय रे? दुसऱ्या हिवाळ्यात विझेल बघ." दुसरा हिवाळा गेला, तिसरा गेला, विझली नाही. उलट तिने इज्जत कमावली. कुणा वडीलधाऱ्यासाठी थांबलो की इंजिन आपोआप गप्प होतं आणि निघताना आपोआप चालू होतं. म्हातारी मंडळी खूश. म्हणतात, पोराला नसलं तरी गाडीला वळण आहे.

आता आईचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता हे तुम्हाला माहीतच आहे. गेल्या वर्षापासून तर तिला माणसं फक्त आवाजावरून कळायची. पण बसून राहील तर ती आई कसली! मागच्या सीटवर बसलं की पायांना वारा लागतो अशी तिची तक्रार होती, म्हणून तिने पहिल्याच हिवाळ्यात, नजर अंधुक झालेली असतानाच, लोकरीचा जाड बुरणूस लाटला, त्यावर मेंढ्याच्या शिंगांची नक्षी शिवली आणि तो सीटभोवती वरून खालून असा टाचून टाकला की मुंगीलाही आत वाट राहू नये. मला काय कौतुक! आख्ख्या कुरणात अशी उबदार गाडी दुसरी नव्हती. वारा ज्या जाळीतून येतो असं तिला वाटायचं, ती जाळी सीटखालच्या बॅटरीला श्वास घ्यायला ठेवलेली आहे, हे बहुधा तिसऱ्या पानावर असावं.

जूनमध्ये राजधानीतले डोळ्यांचे डॉक्टर दोन दिवसांसाठी नारीनला आले. आईचं नाव यादीत, दुपारी बाराला. ते हुकलं तर पुढची यादी पुढच्या वर्षी, आणि एवढा पिकलेला मोतीबिंदू आणखी वर्षभर ठेवणं धोक्याचं, असं त्यांनी साफ सांगितलं होतं. पहाटे निघालो. त्या दिवशी ऊन असं की वाटेतल्या खिंडीच्या चढावर दगडसुद्धा तापलेले. माथ्यावर घोड्यावरून एसेनाली आजोबा समोर आले. घाई होती, पण म्हाताऱ्याला न थांबता ओलांडून जाण्याइतका मी अजून वाया गेलेलो नाही. थांबलो. इंजिन रीतीप्रमाणे गप्प झालं. गुरंढोरं, पोरंबाळं सगळं विचारून झालं. निघायला गेलो तर गाडी गप्पच. लाल दिवा, टुंग टुंग, आणि पुढे काही नाही. (ढकलून चालू होणाऱ्यातली ती नाही, हे दुसऱ्या पानावर होतं. तरी मी ढकलली.) मामा, खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मी तुम्हाला, तुमच्या अंगणाला आणि विजेच्या शोधाला मिळून अशा शिव्या दिल्या की आईने मागून कान झाकले. त्या सगळ्या मी या पत्राने परत घेतो.

आजोबा खाली उतरले, बॉनेटकडे न बघता मागचं दार उघडून आत हात घातला आणि भडकले. "अरे मूर्खा, चढून आलेल्या, तापलेल्या जनावरावर कुणी बुरणूस ठेवतं का? आधी जीन उतरव, पट्टा सैल कर, वारा लागू दे! तुझ्या बापाने काय शिकवलं तुला?" मी सुरी काढली, पण हात धजेना. आंधळ्या बोटांनी घातलेले ते टाके मला दिसत होते. आई म्हणाली, "इकडे दे. मी शिवलं, मीच फाडीन." आणि चाचपत चाचपत एकेक टाका तिने स्वतः कापला. खालची जाळी लोकरीने गच्च भरलेली. ती बोटांनी उपसली, चारी दारं उघडी टाकली आणि आजोबांनी टोपीने वारा घातला. पाऊण तास. मग बटण दाबलं आणि तुमची जीप, काही झालंच नाही अशी, चालू झाली. सांगा मामा, तीन वर्षं नाकातोंडात लोकर कोंबून चढ चढणाऱ्या वस्तूला टिकाऊ नाही तर काय म्हणायचं? दुसऱ्याच्या हातून आलेली, वापरलेली, आणि माझ्यासारख्याच्या हाती पडलेली!

बारा वाजून वीस मिनिटांनी पोचलो. नाव पुकारून झालं होतं, पण डॉक्टर जेवायला बसले होते. (त्यांच्या भुकेचं अल्ला भलं करो.) जेवण उरकून त्यांनी आईचं ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आईने आधी माझ्याकडे बघितलं. "एवढा म्हातारा कधी झालास रे?" म्हणाली. मग गाडीत तो फाडलेला बुरणूस उलगडून बघितला आणि पोट धरून हसली. शिंगं एकही सरळ नव्हती. मी मात्र रडलो, ते लपवत नाही. तुमच्या गाडीने माझ्या आईला डोळे दिले, मामा. डॉक्टर, आजोबा आणि तुम्ही, तिघांचं ऋण माझ्यावर आहे, आणि सगळ्यात जुनं तुमचं.

मामींना सलाम, लहानांच्या कपाळाचा मुका.

तुमचा भाचा,
सुयुन

ता. क. मोटरचा पट्टा थंडीत चिरचिरतो. अंगणात असला तर बाजूला काढून ठेवा. टपालाने पाठवू नका, हरवतो.

ता. क. दुसरा. पट्टा इथे नारीनलाही मिळतो. हे पत्र त्यासाठी नाही. पहिल्यांदा पाहिलेल्या वस्तूला किंवा माणसाला पाहणी म्हणून काहीतरी देतात ना, आई तसं सगळ्यांना देत सुटली आहे. मीरगुलला रुमाल, मला खडीसाखर, गाडीच्या आरशाला पांढरं फडकं, शारशेनलासुद्धा मोजे. पेटीत एक नवी टोपी तेवढी उरली आहे. ती कुणाला हात लावू देत नाही.

ता. क. शेवटचा. मी लिहितोय हे तिला माहीत नाही. तुमचं नाव काढलं की म्हणते, त्याचा चेहरा मला पाठ आहे, बघायचं काय त्यात? आणि संध्याकाळी मला हळूच विचारते, खिंड उघडी आहे का रे? काल चौथ्यांदा विचारलं. मामा, भर जुलैत खिंड कधी बंद असते?