एकसष्ट दोऱ्या परत मिळण्याबाबत आणि एकही नाव न देण्याबाबत

प्रति,
मा. वजनमापे अधिकारी,
वजनमापे कार्यालय, दुसरा मजला.

विषय : जप्त केलेल्या दोऱ्या परत मिळण्याबाबत व त्या कोणाकोणाच्या आहेत हे न सांगण्याबाबत.

संदर्भ : माझ्या दुकानाच्या दारावर चिकटवलेली आपली सात दिवसांची नोटीस.

महोदय,

मी बायकांचे ड्रेस आणि कोट शिवते. बावीस वर्षे शिवते आहे. दुकान एका खोलीचे आहे. त्यात दोन मशिनी, एक आरसा आणि एक जाड पडदा आहे. मी कोणत्याही वर्गाला गेलेले नाही, जुने कपडे उसवून शिकले. आपल्या नोटिशीला उत्तर देण्याआधी माझी चूक मीच सांगते, म्हणजे ती शोधायचे आपले श्रम वाचतील.

१. मी गिऱ्हाइकाचे माप सुती दोरीवर घेते. एक गाठ खांद्याची, दुसरी बाहीची, मग छातीची, कंबरेची. ज्याची त्याची दोरी भिंतीवरच्या खिळ्याला असते. तिच्यावर नाव नसते. त्या बाईने पहिल्यांदा शिवून घेतलेल्या कापडाची चिंधी टोकाला बांधलेली असते, त्यावरून मला कळते. दोन महिन्यांपूर्वी मी तापाने आडवी झाले असताना माझी नणंद मदतीला आली. तिने दुकान झाडले, काचा पुसल्या आणि सगळ्या दोऱ्या साबणाच्या पाण्यात उकळल्या. मला म्हणाली, "वहिनी, किती कळकट झाल्या होत्या त्या. आता बघ कशा दुधासारख्या दिसतात." खरेच दिसत होत्या. आणि दोन-दोन बोटे आखूडही झाल्या होत्या. हे कळेपर्यंत माझे अकरा कपडे कापून, शिवून, इस्त्री होऊन गेले होते.

२. अकराही जणी परत आल्या. एक बाई पडद्याआडून म्हणाली, "तुझा काही दोष नाही गं, मीच सुटलेय हल्ली." तिने आठ दिवस जेवण अर्ध्यावर आणले होते, हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी सगळ्यांना खरे सांगितले. मी शिवणीत नेहमी भरपूर माया ठेवते, म्हणून अकराही कपडे उसवून मोठे करता आले. बाकी पन्नास जणींना मी अंगाला नीट बसणारा जुना कपडा घेऊन बोलावले आणि एकूण एक दोरीच्या गाठी नव्याने बांधल्या. सतरा दिवस गेले. नणंद शेजारी बसून बटणे लावत होती आणि स्वतःला दोष देत होती. तिलाही मीच समजावले.

३. तक्रारदार बाई या अकरांपैकीच एक, बँकेत वरच्या हुद्द्यावर आहेत. त्यांचा कोट समारंभाच्या दिवशी मंचावर मिटेना, बटण उडून पहिल्या रांगेत पडले. नंतर मी तो नीट करून दिला, पण तो दिवस मला परत देता आला नाही. त्यांचा राग मला मान्य आहे. त्यांनी आपल्याकडे तक्रार केली, तेही योग्यच केले.

४. इथून पुढे मात्र मला काही मान्य नाही. आपले निरीक्षक आले, दोऱ्या खिळ्यांवरून उतरवल्या आणि दुकानात तीन गिऱ्हाइके उभी असताना प्रत्येक गाठ टेपने मोजून आकडा मोठ्याने वाचला. सोबतचा कारकून लिहीत होता. मी म्हटले, "साहेब, हळू बोला." ते म्हणाले, "बाई, सरकारी काम आहे, हळू कसं करणार?"

महोदय, मी पंधरा वर्षांची असताना आईने मला एका शिलाईच्या मास्तराकडे नेले होते. त्यांनी माझ्या कंबरेचा आकडा आतल्या माणसाला असाच ओरडून सांगितला आणि दोघे हसले. मी त्यानंतर शिवायला शिकले. माझ्या दुकानात आकडा नसतो. कित्येक जणी एवढ्यासाठीच दोन बस बदलून माझ्याकडे येतात.

५. आपल्या यादीत क्रमांक चौतीससमोर 'माप सदोष, दोन बाजू असमान' असा शेरा आहे. त्या दोरीला डाव्या-उजव्या गाठी वेगळ्या आहेत, कारण शस्त्रक्रियेनंतर ती बाई तशी आहे. याहून जास्त मी लिहिणार नाही. तिच्या दोरीत कसलाही दोष नाही. तो शेरा खोडावा.

६. आता आपण म्हणता की प्रत्येक क्रमांकापुढे गिऱ्हाइकाचे नाव लिहून द्या, यादी कार्यालयाच्या फलकावर लावू, म्हणजे ज्यांची फसवणूक झाली त्यांना कळेल. नाहीतर परवाना रद्द, दोऱ्या नष्ट. ज्यांना कळायचे त्यांना मी केव्हाच तोंडाने सांगितले आहे. कापड मी आपल्या शिक्क्याच्या टेपनेच मोजते, तो टेप निरीक्षकांनी पाहून परत ठेवला. दोरी मी विकत नाही आणि दोरीने काही विकतही नाही.

७. नोटिशीची बातमी कळताच तक्रारदार बाई स्वतः दुकानात आल्या. मला वाटले तक्रार मागे घेतात. त्या म्हणाल्या, "तक्रार मी मागे घेणार नाही, कोट घट्ट होता तो होताच. पण माझी दोरी कुठली ते सांगायचं नाही हं त्यांना." मी सांगितलेले नाही. त्यांच्या तक्रारीच्या चौकशीतही सांगणार नाही.

८. सबब विनंती की, दोऱ्या परत कराव्यात, यादी फाडावी आणि परवाना चालू ठेवावा. तो रद्द केलात तरी नावे मिळणार नाहीत. दरम्यान, निरीक्षकांना पुन्हा शोधाशोध करायला लागू नये म्हणून आपण होऊन कळवते की, कालपासून मी नव्या दोऱ्या बांधायला घेतल्या आहेत. आज दुपारपर्यंत एकोणीस झाल्या. बाहेर बाकावर सात जणी बसल्या आहेत, म्हणून अर्ज इथेच आटोपता घेते.

आपली नम्र, आणि दहा ते सहा दुकानातच सापडणारी,
(सही)
शिलाई दुकानाची मालकीण

दिनांक : मुदतीचा सहावा दिवस

सोबत :
१) आपल्या नोटिशीची प्रत.
२) अकरा कपडे दुरुस्त होऊन मिळाल्याच्या पावत्या, सह्यांच्या जागी अंगठ्याचे ठसे. ते सगळ्यांनी ठरवून दिले आहेत, सर्वांना लिहिता येते.
३) दोरी, नग एक. ही माझी स्वतःची आहे. हिच्यापुढे माझे नाव लिहावे, आकडा हवा तेवढ्या मोठ्याने वाचावा आणि फलकावर लावावा.