पालखीचा पहिला खांदा

मु. वाघणवाडी, ता. लांजा
१७ ऑगस्ट २००३

चि. सदूस,

दादाचा आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. लावणी आटोपली. खालच्या कुणग्यात पाणी तुंबून थोडं भात कुजलं, बाकी हिरवं आहे. तुझ्या सावित्रीवहिनीचा गुडघा दुखतो, तरी ऐकत नाही.

तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. रितेशला अजून चमच्याने भरवावं लागतं, हे वाचलं. गाडी तू पोराला घेऊन दिलीस म्हणून गंगा तुझ्याशी बोलत नाही, तेही वाचलं. भरवताना ती त्यालाही म्हणते, ‘कशाला हट्ट केलास रे नाचायचा?’ त्या ओळीच्या पुढे मला वाचवेना.

परवा मी त्याच्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन रत्नागिरीला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. फोटोत रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही, मग पोरगा असा का, एवढंच विचारलं. ते म्हणाले, हिसका बसला की मेंदू आतल्या आत पिळवटतो. त्यातले केसाहून बारीक तंतू ताणले जातात. सगळे लगेच तुटत नाहीत. आधी सुजतात, मग तासातासाने एकेक तुटत जातात. तेवढ्यात दुसरा हिसका बसला, तर जे सावरले असते तेही जातात.

मी विचारलं, “गाडीवरून पडल्यावर उलट्या झाल्या, तेव्हाच निजवून ठेवला असता तर?”

“खात्री कोण देणार? पण बरा होण्याची आशा बरीच होती. उलटी झालेल्या पोराला नाचायला नेलं कोणी?”

मी म्हणालो, “गावच्या लोकांनी.”

सदू, तिथेही मी खोटं बोललो.

शिमग्याला तो गाडीवरून आला, तो हातखंब्याच्या वळणावर खडीत घसरून. कोपर खरचटलं होतं. हसत म्हणाला, “काका, रस्त्यानेच लोटांगण घालून घेतलं!” संध्याकाळी त्याला दोनदा उलटी झाली. सावित्री म्हणाली, “पोराला आधी लांज्याला डॉक्टरकडे नेवा.” मी म्हटलं, उन्हाचं पित्त आहे.

दुसऱ्या दिवशी सहाणेच्या चौथऱ्यापुढे देवीची पालखी नाचवायची होती. पहिल्या खांद्याचा मान आपल्या घराचा. माझा हात वर जात नाही, मला मूलबाळ नाही. रितेश खांबाला टेकून बसला होता. “काका, आज नको. डोकं गरगरतंय.” भाऊबंदातला बाबल्या तिन्ही पोरांच्या कमरेला टॉवेल बांधून उभाच होता. म्हणाला, “नसंल झेपत तर ऱ्हावं दे दादा. आमचे तिघं हायत.”

सगळे हसले. ते हसणं मला सोसलं नाही. मी रितेशला म्हटलं, “मुंबईचं पाणी पिऊन बाईमाणूस झालास काय? ऊठ. देवी सांभाळील.”

तो उठला. माझ्या पाया पडला. ढोल चढला, पालखी उसळायला लागली आणि तिसऱ्या गिरकीला तो खाली गेला.

तू इस्पितळात विचारलंस, तेव्हा मी म्हणालो, ‘मी नको म्हणत होतो, त्यानेच हट्ट धरला.’ त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून ते खपलं. सावित्रीला मी गप्प बसवलं. गाव म्हणालं, देवीच्या सेवेत पडला, पुण्यवान पोर. मी तेही ऐकून घेतलं.

पहिला खांदा मी बाबल्याच्या घराला देऊन टाकला. लोक माझ्या मनाचा मोठेपणा सांगत फिरतात. देवीपुढे रोज दिवा लावतो, पण मागत काही नाही. तिचं नाव मी माझ्या हट्टासाठी वापरलं. तिच्याकडे बघायचं धाडस होत नाही.

हे पत्र गंगेला मोठ्याने वाचून दाखव. रितेशच्या उशाशी बसून वाच. त्याला किती कळतं ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. पण पाच महिने त्याने आईच्या तोंडून स्वतःचा नसलेला दोष ऐकला आहे. आता खरं ऐकू दे. गाडीचं ओझं तूही खाली ठेव.

मला माफ करा असं लिहीत नाही. ते लिहून मी पुन्हा तुमच्यावरच भार टाकीन.

रितेशला आजारी असताना उठवणारा,
महिपत