राक्षस आधी चहा घ्यायचा

प्रिय गुंड्या,

मी बोलते आहे, तुझी ताई लिहून घेते आहे. मला अक्षर येत नाही, म्हणून जीभही नाही असं समजू नकोस. ताईला बजावलंय, गोड करून लिहायचं नाही. मध्येच थांबते ती, मग मी कोपराने ढोसते.

मागच्या रविवारी तिने मला तुझा सिनेमा दाखवायला नेलं. अरे, एवढा महागाचा कॅमेरा, तो सरळ धरायला कुणी शिकवलं नाही का? पडदा नुसता हिंदकळत होता. शेजारची बाई तोंडाला रुमाल लावून बसली होती. ताई म्हणाली, मुद्दाम हलवतात; कुणीतरी जीव मुठीत धरून केलेलं चित्रण मागाहून सापडलंय असं वाटलं, की लोकांना खरं वाटतं. बरं बाबा. खुबी मान्य. राक्षस धड दिसतच नाही. एक खांदा, एक नख, की लगेच फरशी. आणि आजोबा? मी म्हटलं, म्हाताऱ्याने काय काम केलंय! फक्त एक पटेना. ते एवढे किंचाळताहेत, आणि चित्रण करणारा तो पोरगा कॅमेरा खाली ठेवून त्यांना धरत का नाही? मी म्हणालेसुद्धा, मेल्या, टाक की ते. पुढचे दोघे हसले. मग आठवलं, पोरगा तूच.

चित्रणाच्या दिवसांत तू मला माझ्या बहिणीकडे धाडलंस, घरात धूळ होईल म्हणून. केवढी माया. इथे काय चाललं होतं ते परवा मला राक्षसानेच येऊन सांगितलं. गरीब पोर आहे. ते रबरी अंग चढवण्याआधी तो आजोबांशेजारी चहा घ्यायचा, आजोबा त्याला लग्न झालं का विचारायचे. मग तोच मुखवटा घालून बोळातून यायचा आणि आजोबांची पाचावर धारण बसायची. खरीखुरी. थोड्या वेळाने ते सगळं विसरायचे, आणि तू म्हणायचास, पुन्हा एकदा. दुसऱ्या नटाला दुसऱ्यांदा घाबरायचं सोंग करावं लागतं. आमचा म्हातारा दर खेपेला नव्याने मरायचा. आजाराचंही सोनं केलंस रे. राक्षस म्हणाला, आजी, मी बास म्हणालो, पण त्याने डोळा काढला नाही कॅमेऱ्यावरून.

आता तू ताईला कळवलंस, बक्षीस घेऊन येतो, आजोबांच्या हातात ठेवतो, त्याचंही थोडं चित्रण करू. म्हणून हे पत्र. येऊ नकोस. आजोबा मला ‘अहो बाई’ म्हणतात, ताईला नर्स समजतात, स्वतःचं नाव विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघतात. राक्षसालाही ओळखलं नाही, जवळ बसवून पुन्हा लग्नाची चौकशी केली. तुला वाटेल, मग मलाही विसरले असतील. तेवढं नशीब नाही तुझं. ताईने पेपरातला तुझा फोटो त्यांच्यापुढे धरला, तर म्हातारा सरपटत पलंगाखाली गेला आणि मलाही आत ओढायला लागला. या घरात ते आता एकट्या तुलाच ओळखतात.

नाइलाजाने तुझीच,
आजी