गणपती माझ्याच डोक्यावर

३ सप्टेंबर १९८८
पोटरीतली रक्ताची गाठ विरघळली. डॉक्टर सोधींनी स्वतः सांगितलं. पुढे म्हणाले, रोज चलना है जी, नहीं तो फिर बनेगी. मुख्य वाक्य पहिलं.

मीनाक्षीने लगेच अट घातली. सुखना तलावापर्यंत चालायला लागलात, तरच विसर्जनाला गणपती तुमच्या डोक्यावर. नाहीतर मंडळातला चारुदत्त नेईल. बायको मंडळाची सेक्रेटरी असली की असं होतं. चंदीगडला बदली झाल्यापासून गणपती मीच नेतो. चारुदत्तला पाटसुद्धा सरळ धरता येत नाही.

५ सप्टेंबर
पहाटे उठलो. पेपरात पुन्हा अतिरेक्यांचा गोळीबार. अशा हालातमध्ये अंधारात फिरणं बेजबाबदारपणा. उजाडल्यावर ऊन.

६ सप्टेंबर, संध्याकाळ
निघालो! वाटेत नाका. वाळूच्या पोत्यांमागून जवानाने दरडावलं, कहाँ? घाबरून मराठीत म्हणालो, फिरायला. तो म्हणाला, "आयला, आपलं माणूस! बसा की काका." सांगलीचा विश्वनाथ. स्टूल दिलं, चहा दिला. बिचाऱ्याने कित्येक महिन्यांत मराठी ऐकली नव्हती. ही देशसेवाच.

११ सप्टेंबर
रोज जातो. नाका आला म्हणजे तलाव आल्यासारखाच. घरी सांगितलं, वारा छान होता. होताच.

१४ सप्टेंबर
गणपती बसले. चारुदत्तने विचारलं, पाय कसाय यार, जमेल ना? हसलो. पोटरी किंचित सुजते. मोजा घट्ट असणार.

२० सप्टेंबर
मीनाक्षीने विचारलं, तलावापर्यंत जाता ना? हो म्हणालो. तिने देवापुढे साखर ठेवली. गाठ पुन्हा होईल या भीतीने तिला झोप लागत नव्हती म्हणे. वाईट वाटलं. उद्या नाक्याच्या पुढे जायचंच.

२१ सप्टेंबर
विश्वनाथला गावाहून चिवडा आलाय. अन्नाचा अपमान करता येत नाही.

२४ सप्टेंबर
मिरवणुकीला परवानगी फक्त दुपारची. गणपती माझ्या डोक्यावर, चाल रुबाबदार. नाका आला. विश्वनाथने स्टूल पुसून पुढे केलं. "या काका, आज लवकर? चहा ठेवतो!" माझे पाय आपोआप तिकडे वळले. झांजा थांबल्या.

मीनाक्षीने विचारलं, रोज इथेच का? विश्वनाथ कौतुकाने म्हणाला, "व्हय काकू, एक दिवस चुकवला नाही!"

गणपती चारुदत्तने घेतला. पाट सरळ होता.

मी मागून गेलो. तीनदा थांबलो. मीनाक्षीने दंड धरला होता.

उद्या सकाळी सोधी सुजलेली पोटरी बघणार आहेत. त्यांनी चालायला हो म्हटलं की रोज संध्याकाळी मीनाक्षीही नाक्यापर्यंत येणार. तिथून तलावाचा बांध सरळ दिसतो. मी बांधाला हात लावून यायचं, तोवर स्टुलावर ती बसणार. विश्वनाथ तिच्यासाठी आलं घालून चहा करणार आहे.